दिवसा निजलेली बाई

माहं माहेर अनसिंगजवळचं. गाव लहान, पण वारा इकडचा असला का टेसनावरच्या गाडीची शिट्टी आमच्या अंगणात ऐकू ये, अन् बाप म्हणे, ऐका, कोणी तरी कुठं तरी जाऊन राह्यलं. तो स्वतः कुठं गेला नाई. लोकाईच्या वावरात राबला अन् तिथंच म्हातारा झाला. त्यानं दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होती. मले एवढंच आठवते का घरातले देव त्यानं टोपल्यात भरले अन् नदीत सोडून आला, आई दारात उभी होती, अन् आल्यावर पाय धुता धुता बाप म्हणे, आता पोरगी शाळेत जाईन. म्हणून मी सातवी शिकली. काय सांगू तुमाले गुरुजी, आमच्या वस्तीत तेव्हा सातवी शिकलेली पोरगी म्हणजे बाया तोंड पाहायले येत, जशी काही मी दुसऱ्याच गावची होती.

आई चुली घडवे. साऱ्या गावाले तिच्या हातची चूल लागे. आमच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, पण आमच्या हातची चूल चाले, लोक म्हणत विस्तवानं सारं शुद्ध होते, अन् आई हे ऐकून नुसती हसे, म्हणे, बरं झालं व माय, विस्तवाले कळते. ती माती मळे अन् मी बाजूले बसून तिले पुस्तक वाचून दाखवू. भाऊ वाशिमले बोर्डिंगात होता, तो सुटीत पुस्तकं आणे. मले वाचायची लय गोडी, अन् आईले ऐकायची. मधातच ती म्हणे, थांब, ते पुन्हा वाच, अन् हात थांबवून ऐके. काळी माती एकटी घेतली तं वाळता वाळता तडकते, म्हणून तिच्यात भुसा-कुटार घालायचं, राख घालायची, पायानं तुडवायची, अन् चूल घडवून झाली का ओलं पोतं झाकून सावलीत ठेवायची, पोतं सुकलं का पुन्हा भिजवायचं. हे मी तिच्याजवळ पाहून पाहून शिकली. उरलेल्या मातीच्या मी बाहुल्या करू. डोक्यावर पाण्याचा गुंड असलेली बाई, जात्यावर बसलेली बाई, निंदण करून राह्यलेली बाई. दुसरी बाई मी पाह्यलीच कुठं होती.

लग्न करून इकडं आली, रिठदच्या पुढं, याच घरात. आमचे हे तेव्हा दुसऱ्याच्या वावरात सालानं राहात, सासरे मी पाह्यले नाई, माह्या लग्नाच्या आधीच गेले होते. घर सारं आत्याईच्या हातात. आत्या म्हणजे माह्या सासूबाई, आमच्या इकडं सासूले आत्याच म्हणतात, तुमाले माहीत आहे. त्या गेल्या म्हणून आज तुमी बसायले आले, अन् त्याईचं सांगा म्हणता, अन् त्या मातीच्या बाईचंही सांगा म्हणता. दोन्ही एकच आहे गुरुजी. एक सांगितलं का दुसरं येतेच.

आत्या कडक होत्या. मारत नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या, बोलतच नव्हत्या म्हणा ना. पण उजेड फुटायच्या आधी उठत, अन् मंग अंधार पडेपर्यंत त्याईची पाठ जमिनीले लागली नाई, कधीच. ताप आला तं भिंतीले टेकून बसत. पाय दुखले तं बसल्या बसल्या दाबत. हे काही त्याईचंच नव्हतं, आमच्या गावात कोणतीच बाई दिवसा आडवी पडत नव्हती, आमच्या वस्तीतली नाई अन् पाटलाच्या घरची नाई. बाई दिवसा आडवी पडलेली दिसली का शेजारीण धावत ये, काय झालं व, कोणाचं काय झालं? आडवी पडलेली बाई म्हणजे एक तं बाळंतीण, नाई तं गेलेली. तिसरं काही नव्हतंच. मी नवी नवरी होती तेव्हा एकदा दुपारी डोकं दुखलं म्हणून आतल्या खोलीत निजली, तं दारात बाया जमल्या, अन् आत्या त्याईले सांगून राह्यल्या, नाई नाई, बरी आहे, उठली ती. मी उठून बसली. मंग कधी निजली नाई.

पहिलं मूल माहं गेलं. ज्वारीची कापणी होती, दिवस भरत आले होते, पण कापणी काय थांबते. वावरातच पोटात दुखायले लागलं, अन् घरी आणेपर्यंत सारं झालं होतं. मले दाखवलं नाई, तशीच रीत होती, पाह्यलं का जीव गुंतते म्हणतात. आत्याईनंच पोटाशी धरून नेलं, कुठं नेलं ते मी पुसलं नाई. थोड्याच दिवसात मी कामाले लागली. घरात कोणी त्याचं नाव काढलं नाई, आत्याईनं तं नाईच नाई, अन् मले वाटे, या मलेच दोष देऊन राह्यल्या. त्याईचं न बोलणं मले तसंच ऐकू ये.

त्याच्यानंतरचा तो मोठा दुष्काळ. तुमी तेव्हा इकडं नव्हते. विहिरी आटल्या, गुरं कवडीमोल गेली, रेशनवरची परदेशी ज्वारी, लाल मिलो, खाऊन पोट दुखे, पण तेही मिळालं तं नशीब. सरकारनं तलावाचं काम काढलं, गावाच्या खालच्या अंगाले. माणसं खोदत, आमी बाया घमेल्यात माती भरून तलावाच्या बांधावर, पाळीवर नेऊन टाकू. सारं गाव तिथं होतं. ज्याच्या वावरात आमी निंदायले जाऊ, त्या घरच्या बायाही आमच्या रांगेत डोक्यावर घमेलं घेऊन. पाण्याचे माठ मात्र वेगळे, त्याईचे बाभळीखाली, आमचे थोडे पलीकडं.

अन् त्याच दिवसात सिंधू आली, माही नणंद, आत्याईची एकटी लेक. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून तिच्या सासरच्याईनं पाठवली, जागले ते रीतीले, पण त्याईच्या घरी खाणारं एक तोंड कमी झालं हेही होतंच. पोरगी माहेरी आली म्हणजे तिनं पाय पसरून बसावं, आईनं तिच्या डोक्यात तेल घालावं. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी ती आमच्यासोबत कामावर. हजेरी लागली तं धान्य, नाई तं नाई. मी तिच्या मागं चालू. तिच्या डोक्यावर घमेलं, एक हात कमरेवर, पाय टाके तं अंग सारं एका बाजूले झुके. मी मागून पाहू अन् माह्याच पोटात कळ उठे. मले दुसरं काही नको होतं गुरुजी, ते तलावाचं काम पुरं होवो न होवो, पाऊस पडो न पडो, सिंधूचं मूल जितं जन्मावं. एवढंच. मी मनात तेवढंच धरून चालू.

आमचा मुकादम उत्तमराव, आमच्याच गावचा, कुणब्याचा. वाईट माणूस नव्हता. त्याची स्वतःची विहीर आटली होती, घरी बैल विकला होता. पण मुकादम झाला अन् भेला. मी त्याले म्हटलं, भाऊ, सिंधूले बसून काम द्या, पोरं सांभाळू द्या, पाणी वाटू द्या. तो म्हणे, वैनी, एक बसली का साऱ्या बसतात, अन् नेमकी त्याच दिवशी साहेबाची जीप येते, मंग बोलणं मी खातो. मी म्हटलं, तिचे दिवस पाहा. तो म्हणे, दिवस कोणाचे नाई, तिकडं त्या दोघी पाहा, त्याईचेही आहेत. हे खरंच होतं.

आता त्या मातीच्या बाईचं. ती काही मी ठरवून केली नाई. जेवणाच्या सुटीत सारे भाकर खात, मी लवकर खाऊन मोकळी होऊ, अन् हात रिकामे राह्यले का मले माती लागे. तलावाच्या पोटात खाली गाळाची चांगली माती लागली होती, चिकट, आईनं पाह्यली असती तं खुश झाली असती. कोणी तरी तिचा एक लांबट ढीग आमच्या माठाजवळ टाकला होता. मी पाह्यला तं मले त्याच्यात कंबर दिसली. कुशीवर निजलेल्या बाईची कंबर. मी हात फिरवला, खांदा काढला. दुसऱ्या दिवशी कुटार आणलं, घरची राख आणली, मळून लावली, पोट केलं. पोट मोठं केलं, ते आपोआप तसंच आलं. गुडघे थोडे पोटाशी घेतले, एक हात उशाले दिला. तोंड करता करता लय दिवस गेले, कारण मले माहीतच नव्हतं, निजलेल्या बाईचं तोंड कसं असते. मी मेलेल्या बायाईचं तोंड पाह्यलं होतं. निजलेल्याचं नाई.

बायाईनं पाह्यली अन् आधी हसल्या. कोण व ही महाराणी? एक म्हणे, हिची सासू मेली वाटते, म्हणून निजली. दुसरी म्हणे, नाई व, नवराच सासरी गेला हिचा. लय हसल्या, मीही हसली. पण मंग कोणी तरी म्हणलं, भर दिवसा पडून राह्यली, गडीमाणसं इथून जातात, लाज वाटते पाहायची, अन् हसणं थांबलं. खरंच वाटे लाज. मातीची होती, पण वाटे. यमुनाबाई म्हणून एक म्हातारी होती, पाटलाच्या भावकीतली, विधवा, ती वाकून पाहून गेली अन् जाता जाता म्हणे, पायावर पदर घाल व तिच्या. मी मातीचा पदर घातला.

अन् एक दिवस सकाळी आलो तं काय, तिच्या तोंडात कोणी विडी खोचली होती, अन् छातीवर काडीनं काय काय कोरलं होतं. काय ते तुमच्यासमोर सांगत नाई. गडी तिकडून पाहून राह्यले होते, कोणी हसून राह्यलं होतं, कोणी मान खाली घालून कुदळ मारून राह्यलं होतं. मले असं झालं का माह्याच अंगावर कोरलं. मी घमेलं टाकलं अन् म्हटलं, मोडून टाकते. सिंधूनं माहा हात धरला. तेवढ्यात यमुनाबाई तिच्या माठाजवळून चालत आली, कोणाकडं पाह्यलं नाई, विडी काढून फेकली, ओंजळीत पाणी घेतलं, अन् आपल्या हातानं ती सारी माती सारखी केली, जसं लहान लेकराचं अंग धुतात तसं. तिच्या मागं आमच्यातली एक आली, आमच्या माठाचं पाणी घेऊन. त्याईच्या माठाचं पाणी अन् आमच्या माठाचं पाणी एकाच मातीत गेलं, अन् त्या वेळेले कोणाच्या ध्यानातही आलं नाई. तो दुष्काळ होता गुरुजी, एक एक गुंड पाणी कुठून येऊन राह्यलं होतं. त्या दिवसापासून तिच्यावर ओलं पोतं, अन् येणारी जाणारी बाई आपल्या वाट्यातलं चूळभर पाणी त्या पोत्यावर टाके. मी कोणाले सांगितलं नाई. मातीले ओलं ठेवा एवढंच एकदा म्हटलं होतं, नाई तं तडकते.

उन्हाळ्यात ती ओली माती लय थंड लागे. बायाईची लहान लेकरं दिवसभर उन्हात रडत, ती आपोआप तिच्याजवळ सरकली. पाहावं तं दोन तीन लेकरं तिच्या पोटाले टेकून निजलेली, कोणाचं तोंड तिच्या कुशीत, कोणाचा पाय तिच्या गळ्यावर. त्याईले लाज नव्हती. त्याईले ती आईच होती, आडवी पडलेली, निवांत सापडलेली. आपली खरी आई त्याईले अशी कधी सापडली होती?

एकीनं तिले कुंकू लावलं. ते आमच्या वस्तीत गेलं, अन् रात्री जेवताना हे म्हणे, आपण देव सोडले अन् तू नवी मांडून बसली काय? लोक मले बोलून राह्यले. मी म्हटलं, ती देव नाई. मंग काय आहे? मी म्हटलं, काही नाई, ती नुसती निजली आहे. ह्याईले काही कळलं नाई, पण आत्याईनं घास तसाच हातात धरला अन् माह्याकडं पाह्यलं. सकाळी जाऊन मी कुंकू पुसलं, अन् ज्या बाईनं लावलं तिले म्हटलं, बाई, राग नको मानू, तिले काही मागू नको, तिच्याजवळ काही नाई. ती म्हणे, मागायले नाई लावलं व, तिचं कपाळ सुनं वाटे.

मुकादमाले ती बाई आवडत नव्हती. म्हणे, आता हिचीही हजेरी लावू काय? बाया हसत. तो एकटा तिच्याकडं न पाहता जाये.

असे दिवस जात होते. सिंधूले आठवा सरून नववा लागला. पाय सुजले. तिचं घमेलं मी अर्धं भरू, पण अर्धं घमेलं मुकादमाले दिसे. एका सकाळी तिनं स्वतःच त्याले म्हटलं, दादा, आज मले चालवत नाई, घडीभर बसू का? तो म्हणे, सुटी होईपर्यंत दम धर. तेवढंच म्हणला, काही वाईट नाई बोलला. अन् ती उठली अन् रांगेत लागली.

त्या दिवशी आमच्या बाईवरचं पोतं कोणी तरी धान्य आणायले घेऊन गेलं होतं. सिंधूनं पाह्यलं, माती उन्हात उघडी, तं तिनं आपलं जुनं हिरवं लुगडं, जे ती डोक्याले चुंबळ करून वापरे, ते सोडलं, भिजवलं अन् तिच्या अंगावर घातलं. मले माहीत होतं. मी पाह्यलं होतं घालताना. हे ध्यानात ठेवा.

उन्ह माथ्यावर आलं. मुकादम पाळीवर उभा होता, मापं घेऊन राह्यला होता. मी खाली घमेलं भरत होती. अन् मले त्याची हाक ऐकू आली, सिंधू पडली, सिंधू पडली रे. पाह्यलं तं तो पाळीवरून धावत खाली येऊन राह्यला, पायातली वहाण सुटली, टोपी पडली, अन् बाभळीच्या पलीकडं, आमच्या माठाकडं धावून राह्यला. मी तिकडं पाह्यलं. हिरवं लुगडं, ओलं, आडवी पडलेली बाई. काय सांगू तुमाले, मीच घडवलेली बाई, मीच तिचं पोट थापलं, मीच तिचं तोंड केलं, लुगडं घालताना मी पाह्यलं, अन् मी घमेलं टाकून धावली. आत्या पलीकडून धावल्या. साऱ्या बाया धावल्या. एकीच्याही मनात आलं नाई का ती मातीची आहे. बाई दिवसा पडली म्हणजे काय झालं हे आमाले माहीत होतं, डोळ्याईनं पाहायची गरजच नव्हती.

मुकादम आधी पोचला. गुडघ्यावर पडला, हातातला तांब्या तिच्या तोंडाले लावला, अन् म्हणून राह्यला, बाई उठ, माय उठ, चूक झाली माही. पाणी मातीवरून खाली वाहून गेलं. मंग त्यानं लुगडं बाजूले केलं.

अन् आमच्या मागून आवाज आला, काय झालं व वैनी, कोण पडलं? सिंधू. डोक्यावर घमेलं तसंच, कमरेवर हात, धापा टाकत, आमच्या मागं मागं धावत आलेली. कोण पडलं ते पाहायले आली होती.

मंग जे झालं ते मले सांगता येत नाई. यमुनाबाई हसायले लागली, तिच्या तोंडात दात नव्हते, ती हसता हसता खाली बसली. मंग साऱ्याच हसल्या, अन् हसता हसता रडल्या, कोणी सिंधूचं घमेलं उतरवलं, कोणी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मी तिले घट्ट धरलं, ती म्हणे, वैनी, अवो वैनी, सोडा, श्वास कोंडते. मुकादम तसाच बसून होता. त्याचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. तो म्हणे, पाणी द्या व कोणी. त्याचा तांब्या रिकामा झाला होता. जवळ आमचाच माठ होता. मी पाणी दिलं, तो प्यायला. कोणी काही म्हणलं नाई.

उठला अन् म्हणे, सिंधू, तू उद्यापासून लेकरं सांभाळ. त्या दोघीही. हजेरी मी लावतो, साहेबाचं मी पाहून घेईन. संध्याकाळच्या आत गड्याईनं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणून तिथं मांडव घातला, त्या मातीच्या बाईसकट. ज्याईनं विडी खोचली होती ते पोट्टेही खड्डे खोदायले होते, मले माहीत आहे कोण होते ते, आज लेकराईचे बाप आहेत, नाव सांगत नाई.

पण गंमत ऐका. मांडव झाला, सावली झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम म्हणे पडा आता घडीभर, अन् कोणी पडेना. सिंधू मांडवात खांबाले टेकून बसली, सुजलेले पाय पोटाशी घेऊन. बाकीच्या दोघीही तशाच. समोर सारे गडी, गावची मोठी माणसं, दिवसाचा लख्ख उजेड. मी म्हटलं, सिंधू, निज ना बाई. ती म्हणे, वैनी, कसं व वाटते ते. आईनं पाह्यलं तं?

आत्या तिथंच होत्या, घमेलं घेऊन उभ्या. त्याईनं घमेलं खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर नीट केला. अन् त्या मांडवात गेल्या, त्या मातीच्या बाईच्या बाजूले, अन् साऱ्याईच्या समोर आडव्या पडल्या. कुशीवर, एक हात उशाले. डोळे मिटले. म्हातारं वाळलेलं अंग, पायाले भेगा. कुदळी थांबल्या. मी त्या घरात आल्यापासून त्याईची पाठ जमिनीले लागलेली पाह्यली नव्हती, अन् आज सारं गाव पाहून राह्यलं होतं. डोळे मिटल्या मिटल्याच त्या म्हणे, सिंधे, पड माह्याजवळ. सिंधू पडली. मंग त्या दोघी पडल्या. अन् मले, गुरुजी, तेव्हा निजलेल्या बाईचं तोंड पाहायले मिळालं. मी केलं होतं त्याच्याहून वेगळं असते. मी उगाच तिले जरा हसरी केली होती. खरं तं तोंड थोडं उघडं राहते, अन् गाल खाली लोंबते, अन् माणूस लहान दिसते.

सिंधूले मुलगी झाली. घरीच, सकाळी, दाईच्या हातानं. रडली तेव्हा हे बाहेर अंगणात उभे होते ते दारापर्यंत आले. मी गरम पाणी घेऊन आत गेली तं अर्धं वाटेतच सांडलं, दाई म्हणे, बाळंतीण ती आहे का तू. मले इतकं हलकं वाटलं, तुमाले सांगता येत नाई, जसं लय दिवसाचं डोक्यावरचं घमेलं कोणी मागून येऊन उतरवलं.

सव्वा महिना सिंधू निजली. आत्याईनं कोणाले बोलू दिलं नाई. अन् त्यातल्याच एका दुपारी, त्या नातीले तेल लावत होत्या, मी समोर बसली होती, लेकराच्या डोक्याले केस लय होते, काळे कुळकुळीत, अन् मी म्हटलं, किती केस व आत्या. त्याईनं हात थांबवला नाई. म्हणे, तुहीलेही असेच होते. मुलगी होती. मी माह्या लुगड्याच्या पदरात गुंडाळून नेली, नदीच्या वरच्या अंगाले, तिथं कोणी नांगर घालत नाई. मी म्हटलं, आत्या, तुमी कधी बोलल्या नाई. त्या म्हणे, माह्याही लेकी गेल्या तेव्हा मले कोणी बोललं नाई, मले वाटलं असंच करतात. अन् लेकरू उचलून त्याईनं माह्या मांडीवर ठेवलं, म्हणे, धर, पाठ चोळ. मी पाठ चोळली. अन् तेव्हा मी रडली, पहिल्यांदा, मोकळी. त्या तेलाची वाटी हातात घेऊन बसून राह्यल्या, माहं होईपर्यंत.

तलाव पुढं भरला. ती बाई खालीच राह्यली, पाण्यात. लोक विचारतात वाईट वाटलं का. नाई वाटलं. माती होती ती, तिथलीच होती. त्याच्यानंतर मी पुन्हा तेवढं मोठं काही केलं नाई. चुली करते, आईसारख्या. मले दोन मुलं झाली, तुमच्याच शाळेत आहेत, तुमाले माहीतच आहे केवढे द्वाड आहेत. सिंधूची मीनाही आता शाळेत जाते, सुटीत येते अन् दुपारभर या ओसरीवर पसरून पुस्तक वाचते, तिचं वाचण्याचं वेड माह्यावर गेलं म्हणतात. तिले कोणी उठवत नाई.

आत्याही मंग दुपारी पडत. आधी आधी कोणी आलं का दचकून उठून बसत, मंग तेही सोडलं. आमच्या वस्तीत आता दुपारी बाई निजलेली दिसली तं लोक हळू बोलतात, एवढं झालं. साऱ्या गावात झालं असं मी म्हणत नाई.

गेल्या त्या दिवशी आत्या जेवल्या, थोडी भाजी उरवली, ओसरीवर कुशीवर पडल्या. मी भांडी घासली. पोरं ओरडायले लागली, मी म्हटलं, हळू बे, आजी निजली. शेजारची चाळणी मागायले आली, पाह्यलं, अन् हातानंच खूण करून घेऊन गेली. उन्ह त्याईच्या तोंडावर यायले लागलं म्हणून मी पडद्यासारखं पोतं बांधलं. संध्याकाळी चहा घेऊन गेली, आत्या उठा म्हटलं, हात लावला, अन् मंग कळलं.

बसायले येणारे लोक म्हणतात, काय व शांता, माणूस दुपारी गेलं अन् तुमाले संध्याकाळपर्यंत कळलं नाई? मी म्हणते, नाई कळलं. रडायले येते, येणारच, इतक्या वर्षांचा सहवास आहे. पण जीव जळत नाई, गुरुजी. आमाले वाटलं निजल्या, म्हणून निजू दिलं.